उजव्या गुडघ्यावरच्या तीन रेघा

आमच्या कुत्रीच्या मागच्या उजव्या गुडघ्यावर तीन पांढऱ्या रेघा आहेत. बाकी अंग विटकरी, पाय लांब, कंबर बारीक, आणि त्या एका गुडघ्यावर बाहेरच्या बाजूला, एकाखाली एक, बोटभर लांबीच्या तीन रेघा. कुणी विचारलं तर आता मी खरं सांगतो. आधी चार महिने सांगितलं नव्हतं. घरात आम्ही दोनच माणसं, आणि त्यातल्या दुसऱ्या माणसाशी मी रोज खोटं बोलत होतो.

दिग्रसला कालव्याच्या कार्यालयात मी कारकून आहे. वडील सरकारी नोकरीत होते, आजोबा कोर्टात. आमच्या घराण्यात कुणी बैल पाळला नाही. पत्नी गावाबाहेर चार किलोमीटरवरच्या बंजारा तांड्यावर शाळेत शिकवते. मुलगा हैदराबादला नोकरीला गेला त्या वर्षी तांड्याच्या नायकानं, म्हणजे तिथल्या प्रमुखानं, टोपल्यात घालून एक पिल्लू तिला आणून दिलं. "म्याडम, घर खाली झालं म्हनता ना, घ्या." तेव्हापासून ती कुत्री तिची. रोज सकाळी स्कूटीच्या पायदानावर पुढे उभी राहून शाळेत जायची, दिवसभर शाळेच्या कडुलिंबाखाली पडायची आणि सुट्टी झाली की पोरांच्या आधी फाटकाशी यायची. पत्नी तिला 'माय' म्हणते. वऱ्हाडात लेकरालाही माय म्हणतात, म्हातारीलाही म्हणतात.

गेल्या मे महिन्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून पत्नी तीन आठवड्यांसाठी अमरावतीला गेली. जाताना तिनं मला एकच गोष्ट दोनदा सांगितली. "संध्याकाळी फिरवा, पन कालव्याच्या पलीकडं दोरी सोडू नका. जमीन फाटली आहे."

आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात फाटते. इतक्या रुंद भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. मला हे माहीत होतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी कालव्याच्या पलीकडे एक रोही, म्हणजे नीलगाय, दिसली. कुत्रीनं दोरी ताणली. किती दिवसांत पळाली नाही बिचारी, असं वाटून मी दोरी सोडली. ती बाणासारखी गेली, वळली आणि वळता वळता तिचा मागचा पाय भेगेत गेला. तिचं ओरडणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तिला उचलून स्कूटीपर्यंत आणलं तेव्हा माझ्या हातात ती थरथरत होती, आणि मी मात्र मनात दिवस मोजत होतो. पत्नी यायला सोळा दिवस होते.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी मांडी एका हातात आणि नळी दुसऱ्या हातात धरून गुडघा हलवून पाहिला. हाड पुढे सरकलं. ते मलाही दिसलं. "आतला पट्टा तुटला असं वाटते. लिगामेंट. नागपूरला दाखवा, ऑपरेशन लागेल. तोवर बांधून ठेवा." कार्यालयात मी सहज म्हणून विषय काढला तर शेजारच्या टेबलावरचे साहेब हसले. "कुत्रीचा गुडघा? आमच्या बाबाचा गुडघा चार सालापासून वाट पाहून राह्यला, त्याचा नंबर आधी लावा!" सगळे हसले. मीही हसलो. संध्याकाळी फोनवर पत्नीनं विचारलं, "कशी आहे माय?" मी म्हटलं, "मजेत आहे."

नागपूरला नेलं असतं तर पत्नीला सांगावं लागलं असतं. मला तसं नको होतं. ती येईपर्यंत पाय बरा झालेला हवा होता, म्हणजे दोरी सोडल्याची गोष्टच उरली नसती.

त्याच आठवड्यात नायक शेताला कालव्याच्या पाण्याची पाळी मिळावी म्हणून अर्ज घेऊन कार्यालयात आला. बोलता बोलता त्यानं सांगितलं की त्याचा एक बैल दोन वर्षांपूर्वी मागच्या पायानं लंगडायचा, डाग दिला आणि आता नांगराला चालतो. डाग म्हणजे विळा तापवून दुखऱ्या सांध्यावर चटके द्यायचे. मी विचारलं, "कुत्र्याले देता येईल?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "नाई सायेब. कुत्र्याची कातडी पातळ असते. बैलाची गोष्ट वेगळी."

"बैलाले चालते तं तिले काहून नाई?"

"मी कधी देल्ला नाई."

"मंग आता द्या."

त्याचा अर्ज माझ्या टेबलावर होता. मी अर्जाबद्दल एक शब्द बोललो नाही. बोलायची गरज नव्हती, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुत्रीला तांड्यावर घेऊन गेलो.

नायकाची बायको चुलीपुढून उठली आणि आत निघून गेली. विळा लाल झाल्यावर नायकानं पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. मी माझा दुपट्टा कुत्रीच्या तोंडाला बांधला होता, तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तिचा पाय मीच दोन्ही हातांनी ताणून धरला होता. ती मला चाटायचा प्रयत्न करत होती. दुपट्टा बांधलेला असल्यामुळे तिला ते जमत नव्हतं. त्यानं पहिला चटका दिला आणि थांबला. मी म्हटलं, "तीन देता ना तुमी? तीन द्या."

त्यानंतर ती तो पाय जमिनीला टेकवेनाच. चटके चिघळले आणि तिन्हींची मिळून एकच जखम झाली. पत्नी आली तेव्हा कुत्री दारापर्यंत तीन पायांवर उड्या मारत गेली.

"काय झालं हिले?"

सांगायची गोष्ट मी तयार ठेवली होती. स्कूटीवरून येताना ती घसरली, सायलेन्सरला भाजली, दचकून उडी मारली, गुडघा मुरगळला. एकाच गोष्टीत दोन्ही जखमा बसवल्या होत्या. पत्नी खाली बसली. कुत्रीचं डोकं पोटाशी धरलं. मग म्हणाली, "मीच सवय लावली तिले पायदानावर उभं राहायची. सगळे सांगत होते, पट्टा नाही, काही नाही, पडंल एखाद्या दिवशी."

मी तिला तसंच समजू दिलं. चटक्यांपेक्षाही या एका वाक्याच्या वेळी गप्प राहिल्याची मला जास्त लाज वाटते.

पत्नीनं दुसऱ्याच दिवशी नागपूरला जायला गाडी ठरवली. तिथल्या डॉक्टरांनी तपासणीसाठी मला आत ठेवलं आणि पत्नीला बाहेर कागद भरायला बसवलं. जखमेभोवतीचे केस काढल्यावर तिच्या कडेला तीन रेघांची टोकं दिसली. ते वाकून पाहत राहिले. "हे कशानं?"

"सायलेन्सर."

"किती सायलेन्सर आहेत हो तुमच्या गाडीला? तीन?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. हात धुता धुता म्हणाले, "मला जिथून आत जायचंय, नेमकी तिथलीच कातडी जाळून आणलीत. ही भरल्याशिवाय मी चिरा देणार नाही. तीन आठवडे. आणि तोपर्यंत हलत्या गुडघ्यात आतली गादी फाटली तर तीही काढावी लागेल."

गादी फाटलेलीच निघाली. जूनच्या मध्यावर ऑपरेशन झालं. तुटलेल्या पट्ट्याचं काम करायला डॉक्टरांनी सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा दोरा ओवला होता. त्यांनी पत्नीला समजावून सांगितलं, "हा दोरा काही महिने गुडघा धरून ठेवेल. तेवढ्यात तिच्या शरीरानं गुडघ्याभोवती स्वतःचा घट्ट वेढा तयार करायचा असतो. आमचं काम आज संपलं, तुमचं आता सुरू. वर्ष धरून चाला. पाय वापरला नाही तर मांडी सुकेल, गुडघा आखडेल. मग सगळा भार डाव्या पायावर, आणि तो गुडघाही असाच जाईल. दोन्ही गेले तर मात्र..." त्यांनी व्यायामाचा कागद पत्नीच्या हातात दिला.

घरी आल्यावर पत्नीनं त्यांचा कागद कपाटाच्या दाराला चिकटवला. उड्या नाहीत, पायऱ्या नाहीत, दोरीशिवाय एक पाऊल नाही. पहिले दोन आठवडे पाच पाच मिनिटं अंगणात चालवणं, मग दर आठवड्याला थोडं वाढवायचं. आमच्या घरातली फरशी गुळगुळीत, म्हणून तिनं सगळीकडे पोती आणि शाळेतल्या जुन्या सतरंज्या अंथरल्या. घराला धान्याच्या गोदामाचा वास यायला लागला. दिवसातून तीन वेळा कुत्रीला कुशीवर निजवून गुडघा हळू वाकवायचा, हळू सोडायचा, पंधरा वेळा. सकाळची आणि संध्याकाळची वेळ पत्नीची, दुपारची माझी, कारण तेव्हा ती शाळेत असायची आणि माझं कार्यालय घराजवळ.

पहिल्या दुपारी मी कुत्रीजवळ बसलो आणि उजव्या पायाकडे हात नेला. तिनं पाय पोटाखाली ओढून घेतला. पुन्हा नेला तेव्हा ओठ वर झाले आणि दात दिसले. ही कुत्री माझ्यावर कधी गुरगुरली नव्हती. एरवी माझ्या हातून खायची, मी आलो की शेपटी हलवायची, कानामागे खाजवून घ्यायची. फक्त त्या पायाला माझा हात चालत नव्हता. पत्नी तोच पाय धरायची तेव्हा ती डोळे मिटून पडायची. "दे माय, पाय दे," एवढं म्हटलं की पाय लांब करायची.

संध्याकाळी पत्नीनं विचारलं, "केला दुपारचा?"

"केला."

दोन महिने मी रोज 'केला' म्हणालो. दुपारी घरी यायचो, कुत्रीपासून दोन हातांवर बसायचो, डबा खायचो आणि परत जायचो. एकदा रविवारी पत्नीनं मला तिच्यासमोर पाय धरायला सांगितलं तेव्हा कुत्री उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिली. पत्नी माझ्याकडे पाहत म्हणाली, "तुमाले काहून भेते ही?"

"दुखत असंल."

"मले तं देते."

आठ आठवड्यांनी तपासणीला गेलो. डॉक्टरांनी शिंप्याच्या टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या आणि गुडघा वाकवून पाहिला. ठराविक जागेपुढे तो वाकेना. "व्यायाम होत नाही का?"

"दिवसातून तीनदा होते सर," पत्नी म्हणाली. "दोनदा मी करते, एकदा हे करतात. एक दिवस चुकला नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "मग वाढवा. गुडघा आखडतोय. अजून वेळ आहे, पण फार नाही. आता ती डाव्यावरच चालतेय."

परतीच्या वाटेवर पत्नी सगळा वेळ कुत्रीच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. जणू तो तसा धरून ठेवला म्हणजे तुटणार नाही. मध्येच ती म्हणाली, "माझ्या हातातच काही कमी पडत असंल." मी खिडकीबाहेरची सोयाबीनची शेतं पाहत होतो.

तेव्हाच आणखी एक गोष्ट घडायला लागली होती. ऑपरेशनसाठी काढलेले केस परत येत होते, आणि जळलेल्या कातडीवर ते पांढरे येत होते. आधी एक फिकट डाग, मग एक रेघ, मग दुसरी. पत्नीला ते टाक्यांचे वण वाटत होते. मी मात्र रोज पाहत होतो. तिसरी रेघ स्पष्ट झाली त्या दिवशी दुपारी मी माझ्याच केसांना लावायचा कलप वाटीत कालवला आणि कुत्रीजवळ बसलो. ब्रश पायाजवळ नेला तशी ती सरकली. मी आणखी जवळ गेलो. ती भिंतीला टेकली. तिथून मागे जायला जागा नव्हती, आणि ती गुरगुरली नाही, नुसती थरथरायला लागली. तांड्यावर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं तेव्हा थरथरली होती तशीच. मी वाटी मोरीत धुऊन टाकली. बोटांना काळे डाग पडले होते. पत्नीनं संध्याकाळी ते पाहिले आणि हसून म्हणाली, "डोक्यापेक्षा हातालेच जास्त लावला वाटते." मी तेही हसण्यावारी नेलं.

पोळ्याला नायकानं नेहमीप्रमाणे आम्हाला जेवायला बोलावलं. मी टाळायचा प्रयत्न केला. पत्नी म्हणाली, "दर साली जातो, याही साली जाऊ. मायलेही पोरं भेटतील." कुत्रीला पायदानावर उभं करायचं नाही म्हणून ती मागे बसली आणि कुत्रीला मांडीवर आडवी घेतली. मी स्कूटी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे गेले.

बैल सजले होते. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. नायकाच्या बायकोनं ताट पत्नीच्या हातात दिलं. "म्याडम, तुमच्या हातानं ववाळा." पत्नीनं बैलांच्या खुरांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास दिला. ती दुसऱ्या बैलाच्या मागे गेली, तर त्याची झूल जरा सरकली होती. तिचा हात ताटावर थांबला.

"नायक, हे काय आहे?"

"डाग व्हय म्याडम. लंगडत होता ना हा."

"तीन?"

"हव. तीनच देते आमच्यात."

ती वाकली. बैलाच्या मागच्या सांध्यावर एकाखाली एक तीन रेघा होत्या, पांढऱ्या केसांच्या. मग ती वळली. कुत्रीची दोरी माझ्या हातात होती. कुत्री माझ्या पायाशी बसली होती, उजवा पाय नेहमीसारखा जरा बाहेर टाकून.

"हिच्या पायालेही तीनच आहेत," पत्नी म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. शाळेतली पोरं तिच्या त्याच आवाजाला भितात.

नायकानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

"चुकलं म्याडम," तो म्हणाला.

"तुमी देल्ला डाग? माया कुत्रीले? मले न विचारता?"

"चुकलं."

"पिल्लू होती तवा तुमीच आणून देल्ली होती ना? मंग हात कसा वळला तुमचा?" ती बोलत गेली. एवढी माणसं जमली होती, पोरं होती, तिचे विद्यार्थी होते. नायक मान खाली घालून ऐकत होता. त्याची बायको मात्र सरळ माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. तिच्या चुलीतूनच विळा निघाला होता. पण तीही बोलली नाही. मी माझ्या चपलेकडे पाहत उभा राहिलो. आम्ही जेवलो मात्र नाही. पत्नीनं ताट खाली ठेवलं आणि ती चालायला लागली.

स्कूटीवर मागून तिचा आवाज आला. "त्या माणसाच्या घरचं आता पाणीही पिणार नाही मी."

कालव्याच्या पुलावर मी स्कूटी थांबवली. बंद केली. मागे न बघता सांगितलं. दोरी, भेग, रोही, दुपट्टा, मी धरलेला पाय, "तीन द्या" हे मीच म्हटलेलं, सायलेन्सर. मग थांबलो. अजून एक उरलं होतं, आणि ते सांगणं सगळ्यात जड गेलं. "दुपारचा व्यायाम मी एकदाही केला नाही. ती करू देत नाही."

ती उतरली. कुत्रीला खाली ठेवलं, दोरी हातात घेतली आणि चालायला लागली. कुत्रीला त्या आठवड्यात वीस मिनिटं चालायची परवानगी होती. मी स्कूटी ढकलत मागून गेलो. वीस मिनिटं झाली तशी ती घड्याळ बघून थांबली, रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसली आणि कुत्रीचा गुडघा दाबून पाहू लागली. इतक्या रागातही तिनं एक मिनिट जास्त होऊ दिलं नाही. मी दहा पावलांवर उभा. वर न बघता ती म्हणाली,

"मले वाटलं माया हातात कमी आहे काही."

मी स्कूटी स्टँडवर लावली.

"चला मागं."

"कुठं?"

"तांड्यावर. त्या माणसाले मी एवढ्या लोकात बोलली. तुमी आता तेवढ्याच लोकात सांगा."

आम्ही परत गेलो. लोक पंगतीला बसले होते. मी उभा राहून सांगितलं. अर्जाचंही सांगितलं, कारण ते पत्नीलाही माहीत नव्हतं. नायक म्हणाला, "जाऊ द्या सायेब, सनाचा दिवस हाय. बसा." त्याची बायको पत्रावळ मांडत म्हणाली, "अनपढ मानूस 'नाई' म्हने, आन् शिकेल मानूस हट्ट करे. वा!" मागे एक म्हातारी फसकन हसली. पत्नीनं नायकापुढे हात जोडले. तो लाजून मागे सरकला. मग आम्ही जेवलो. वाढलेलं टाकलं नाही.

घरी आल्यावर पत्नीनं तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी सकाळी म्हणाली, "दुपारची वेळ तुमचीच राहील. तिनं पाय देईपर्यंत." तिनं ती वेळ स्वतःकडे घेतली असती तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून मी रोज दुपारी बसायला लागलो. पहिला महिना हात नुसता सतरंजीवर ठेवायचा, पायापासून वीतभर लांब. कुत्री पाहायची, मी पाहायचो नाही. संध्याकाळी पत्नीनं विचारलं तर खरंच सांगायचं: "नाही दिला." पत्नी मान हलवायची. तिनं स्वतःचे व्यायाम वाढवले. अंगणात विटांवर तुरीच्या काड्या, तुराट्या, आडव्या टाकून कुत्रीला त्यांवरून एकेक पाऊल उचलायला लावायची, कालव्याच्या चढावर हळू चालवायची, बस-ऊठ करून घ्यायची. दिवाळीनंतर टेपवर उजवी मांडी जराशी भरलेली दिसली. नोव्हेंबरात माझा हात तिच्या पंज्यापर्यंत पोहोचला. गुडघ्यापर्यंत नाही. गुडघा आला की ती उठून जायची. डॉक्टर म्हणाले, वाकणं सुधारतंय, पण डाव्याकडे लक्ष ठेवा. डाव्याची भीती रोज घरात असायची. ती उठताना जरा थबकली तरी आम्ही दोघं हातातलं काम टाकून तिच्याकडे बघायचो.

फेब्रुवारीत, म्हणजे ऑपरेशनला आठ महिने झाले होते तेव्हा, एका दुपारी मी घरी आलो आणि कुत्री अंगणातून माझ्याकडे आली ती मागचा डावा पाय वर धरून.

मी दारातच बसलो. ती तीन पायांवर उभी होती, आणि त्या तीनात तो दोऱ्यावरचा, तीन रेघांचा उजवा पाय होता. सगळा भार त्याच्यावर. पत्नीला फोन केला. वर्गात पोरांचा आवाज चालू होता.

"डावा पाय उचलला तिनं."

पलीकडे तिनं पोरांना गप्प केलं. मग ती म्हणाली, "मी येऊ?"

वर्ग सोडून यायला तिला अर्धा तास लागला असता. तेवढा वेळ कुत्री उजव्यावर उभी राहणार होती. "मी पाहतो," मी म्हटलं.

सतरंजी अंगणात ओढली. बसलो. हात जमिनीवर ठेवला. "दे माय, पाय दे." मी हे शब्द त्याआधी कधी उच्चारले नव्हते, ते पत्नीचे होते. कुत्री उभीच. मी हात हलवला नाही. ऊन पाठीवर येत होतं. कार्यालयातून फोन आला, वाजून बंद झाला. मग तिनं पुढचे पाय वाकवले आणि ती माझ्यासमोर आडवी झाली, डाव्या कुशीवर. म्हणजे वरचा पाय उजवा होता. डावा पाहायचा तर आधी उजवा उचलून बाजूला धरावा लागणार होता.

मी तिचा उजवा गुडघा बाहेरच्या बाजूनं हातात धरला. रेघा तळव्याला लागत नव्हत्या, केसच ते. पण कातडीखाली नायलॉनची गाठ बोटाला लागली. तिचं अंग ताठ झालं, ओठ थरथरला. मी थांबलो, हात तसाच ठेवून. ती उठली नाही. पाय उचलला तेव्हा तिनं मान वळवून माझ्या मनगटाला नाक लावलं आणि तसंच ठेवलं. चावायचं असतं तर ती तिथून चावू शकत होती. तो पूर्ण वेळ नाक तिथंच होतं.

डावा गुडघा मी वाकवला. वाकला, सोडला. हाड सरकलं नाही. पंज्याकडे गेलो. बोटांमधल्या गादीत बाभळीचा काटा रुतला होता, पार आत, वर फक्त काळं टोक. नखानं धरून ओढला. ती एकदा कुईं करून उठली, अंग झटकलं आणि चारही पाय टेकवून पाण्याच्या भांड्याकडे गेली.

मी पत्नीला फोनवर सांगितलं. ती "बरं" म्हणाली. संध्याकाळी आल्यावर तिनं आधी कुत्रीला अंगणात दोन फेऱ्या चालवून पाहिलं, मग डावा पाय पाहिला, मग उजवा. हात धुतले. पदराला पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काटा दाखवा."

ती मागणार हे मला माहीत होतं. खिडकीत काडेपेटीत ठेवला होता. मी पेटी उघडून पुढे केली. तिनं काटा उचलला, टोकाला लागलेलं रक्त उजेडात धरून पाहिलं आणि परत पेटीत ठेवला.

"उद्यापासून दुपारी पंधरा वेळा," ती म्हणाली. "रोज विचारीन."